गव्हाची फेरपालट, ऑलिव्हची बाग की ओकचे रान: भूमध्यसागरी शेतीत जनावरे कुठे बसवावीत?

भूमध्यसागरी हवामानाचा विचार करताना महाराष्ट्रातल्या वाचकाला ऋतूंचा हिशेब उलटा मांडावा लागतो, कारण तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रान हिरवे होऊ लागते, थंडीत गवताची वाढ मंदावते, मार्च-एप्रिलमध्ये चारा उदंड होतो, आणि जूनपासून पहिल्या पावसापर्यंत वाळलेले गवत व गव्हाची धसकटे यांखेरीज जनावरांपुढे फारसे काही उरत नाही. त्यामुळे पीक आणि पशुधन एकत्र आणू पाहणाऱ्याने कोणती जात घ्यावी यापेक्षा उन्हाळा कशावर काढावा हे आधी ठरवले पाहिजे. त्यानंतर जमीन आणि कळप एकाच मालकाचे आहेत की दोघांचे, हे पाहिले पाहिजे. पुढील तीन पद्धती मी याच दोन प्रश्नांच्या कसोटीवर शेजारी शेजारी ठेवत आहे.

पहिली पद्धत स्पेनच्या एस्त्रेमादुरा व आंदालुसिया या प्रांतांतील ‘देएसा’ आणि पोर्तुगालच्या आलेंतेजूमधील ‘मोंतादो’ यांची. विरळ ओक वृक्षांखाली गवताळ रान, त्यात मेरिनो मेंढ्या, गाई आणि इबेरियन डुकरे, आणि काही वर्षांच्या अंतराने झुडपे मोडण्यासाठी व दाण्यासाठी घेतलेले धान्याचे पीक, अशी तिची घडण आहे. दुसरी पद्धत दक्षिण ऑस्ट्रेलियात रुजली. तेथील हवामान भूमध्यसागरी असल्याने गव्हाच्या शेतात एकाआड एक किंवा काही वर्षांच्या फेऱ्याने द्विदल चराऊ पीक ठेवून त्यावर मेंढ्या पाळतात. तिसरी पद्धत ऑलिव्हच्या किंवा द्राक्षांच्या बागेत ठरावीक काळ मेंढ्या चारण्याची. ती फार जुनी आहे आणि आज पुन्हा चर्चेत आहे.

देएसाचे कौतुक फार होते आणि ते रास्तही आहे. पण नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी ती निवड म्हणून जवळजवळ उपलब्धच नाही. कॉर्क ओकची पहिली साल साधारण 25 वर्षांनी निघते, पुढची नऊ वर्षांनी, आणि बाटलीच्या बुचासाठी योग्य साल तिसऱ्या काढणीत, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर मिळते. अशी रचना वारशाने किंवा खरेदीने मिळते. ज्याच्याकडे ती आहे त्याच्यासाठी हिशेब सुरेख बसतो, कारण ओकची फळे शरद ऋतूत गळू लागतात आणि हिवाळ्यात गवत मंद असताना डुकरांना चरबी देतात. मात्र त्यालाही मर्यादा आहे. डुकरांच्या मांसाला ‘बेयोता’ हा सर्वोच्च दर्जा मिळवायचा असेल तर स्पेनच्या 2014 च्या नियमांनुसार झाडांच्या आच्छादनाप्रमाणे हेक्टरी 0.25 ते 1.25 डुकरेच ठेवता येतात, आणि प्रत्येकाने किमान 60 दिवसांत किमान 46 किलो वजन रानातच वाढवले पाहिजे. म्हणजे उत्तम झाडी असलेल्या शंभर हेक्टरांवरही सव्वाशेच्या वर डुकरे नाहीत. उन्हाळ्याचा प्रश्न देएसा सोडवत नाही. तो वाळलेल्या गवतावर, ओकच्या छाटलेल्या फांद्यांवर आणि विकतच्या चाऱ्यावर ढकलला जातो. शिवाय रान वर्षभर चरत राहिले की ओकची रोपे वाढत नाहीत, आणि फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूमुळे जुनी झाडे मरत असताना त्यांची जागा घ्यायला कोणी नसते. आज देएसा विकत घेणाऱ्याने झाडांच्या संख्येपेक्षा कोवळ्या रोपांची संख्या आधी पाहावी.

ऑस्ट्रेलियन फेरपालट याच्या अगदी उलट आहे, कारण ती दोन-तीन हंगामांत उभी राहते. तिचा गाभा बियाण्यात आहे. लसूणघासाच्या कुळातील वार्षिक ‘मेडिक’ आणि जमिनीत शेंगा पुरणारे ‘सबक्लोव्हर’ यांच्या बियांचे कवच कठीण असते, म्हणून त्यांतल्या पुष्कळ बिया पहिल्या वर्षी उगवत नाहीत, गव्हाच्या वर्षात मातीत पडून राहतात, आणि पुढल्या वर्षी पुन्हा न पेरता कुरण उभे राहते. चुनखडीच्या विम्लधर्मी जमिनीसाठी मेडिक आणि आम्लधर्मी जमिनीसाठी सबक्लोव्हर, असा ढोबळ नियम आहे. माउंट बार्करच्या अॅमॉस हॉवर्ड या शेतकऱ्याने 1889 मध्ये सबक्लोव्हरचे मोल ओळखले, आणि पुढे सुपरफॉस्फेटच्या जोडीने ते लाखो हेक्टरांवर पसरले. द्विदलाच्या दर टन कोरड्या वाढीमागे साधारण 20 ते 25 किलो नत्र स्थिर होते असा तेथील कृषितज्ज्ञांचा ठोकताळा आहे. म्हणजे चांगल्या कुरणानंतरच्या गव्हाला युरिया बराच कमी लागतो. उन्हाळ्यात मेंढ्या वाळलेल्या शेंगा व धसकटे खातात, त्यामुळे आपला पहिला प्रश्न इथे सर्वांत नीट सुटतो. मात्र शेंगा हेच पुढल्या कुरणाचे बी असते, म्हणून उन्हाळी चराई वेळीच थांबवली नाही तर तिजोरी रिकामी होते. बियाणे निवडतानाही जपावे लागते: 1940 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात जुन्या सबक्लोव्हर वाणांतील संप्रेरकसदृश द्रव्यांमुळे मेंढ्या वांझ होऊ लागल्या होत्या, म्हणून अशी द्रव्ये कमी असलेले वाणच घ्यावेत.

या पद्धतीची खरी कसोटी ऑस्ट्रेलियाबाहेर लागली. 1970 च्या दशकात ती लिबिया, अल्जीरिया, ट्युनिशिया येथे नेण्याचे मोठे प्रयत्न झाले, पुढे सीरियात अलेप्पोजवळच्या इकार्डा या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेनेही तिच्यावर काम केले, आणि तरीही ती व्यापक प्रमाणात टिकली नाही. खोल नांगरटीने बी गाडले गेले, हे एक कारण. पण मला दुसरे कारण अधिक वजनदार वाटते. तेथे गव्हाची जमीन एकाची आणि मेंढ्या दुसऱ्याच्या असत, आणि कापणीनंतर धसकटांवर चराईचा हक्क परंपरेने सर्वांचा असे. मग शेंगा राखून ठेवण्यात कोणाचाच स्वार्थ उरत नसे. दक्षिण ऑस्ट्रेलियातला शेतकरी कुंपणाच्या आतल्या जमिनीचा आणि कळपाचा एकटाच मालक होता, म्हणून तेच बी तिथे टिकले. खुद्द ऑस्ट्रेलियातही 1991 मध्ये लोकरीची आधारभूत किंमत योजना कोसळल्यावर अनेकांनी मेंढ्या कमी करून सलग पिके धरली. पण तणनाशकाला न जुमानणारे रायग्रास माजू लागले तेव्हा चराऊ वर्षाची किंमत पुन्हा कळली, कारण ते तण बी धरण्याआधी मेंढ्या खातात आणि उरलेल्याचा बंदोबस्त करायला शेतकऱ्याला मोकळे वर्ष मिळते.

ज्याच्याकडे दहा-वीस हेक्टर बाग आहे आणि मेंढ्या पाळायची इच्छा नाही, त्याच्यासाठी तिसरी पद्धत. ही कल्पना आपल्याला नवी नाही. लेंडीखतासाठी धनगरांच्या मेंढ्या रानात बसवण्याचा व्यवहार आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. द्राक्षबागेत पानगळीपासून मार्चमध्ये डोळे फुटेपर्यंत, आणि ऑलिव्हमध्ये फळतोडणीनंतर वसंतापर्यंत कळप आत घेता येतो. गवत कापण्याचा खर्च वाचतो, ऑलिव्हच्या छाटणीचा पाला खाल्ला जातो, आणि उतारावरची माती उघडी ठेवण्याऐवजी हिवाळ्यात हिरवी ठेवायला निमित्त मिळते. ऑलिव्हबागांमधील मातीची धूप हे आंदालुसियाचे जुने दुखणे आहे, त्यामुळे हा शेवटचा फायदा मी सर्वांत वर ठेवतो. (नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी मात्र हे जसेच्या तसे उचलू नये, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांमुळे आपल्या वेली इतके महिने निष्पर्ण राहत नाहीत.) उन्हाळ्याचा प्रश्न इथे बागायतदाराचा नसतोच, कारण कळप वसंतात निघून जातो आणि पुढची काळजी मेंढपाळाची राहते.

या पद्धतीत धोका मोरचुदाचा आहे. ऑलिव्हच्या पानांवरचे ठिपके आणि द्राक्षाचा केवडा यांसाठी तांब्याची औषधे सर्रास फवारली जातात. युरोपीय संघात त्यांची मर्यादा सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांबे इतकी आहे. मेंढीला तांबे फारच कमी सोसते. ते यकृतात महिनोन्‌महिने साठत राहते, बाहेरून काही दिसत नाही, आणि एखाद्या ताणाच्या वेळी रक्तपेशी फुटून धडधाकट दिसणारे जनावर कावीळ होऊन दगावते. ऑलिव्हमध्ये तर पानगळ नाही आणि फवारणी पावसाळ्याच्या तोंडाशी होते, म्हणून तिथे हा धोका द्राक्षबागेपेक्षा जास्त. चिकण मातीत पावसानंतर लगेच कळप घातला तर जमीन तुडवून घट्ट होते, ही दुसरी अडचण.

तेव्हा वारशाने ओकचे रान मिळालेल्याने ते सांभाळावे, पण तेवढ्यासाठी नवे कर्ज काढू नये. गव्हाची मोठी जमीन आणि स्वतःचा कळप दोन्ही असलेल्याने फेरपालट निवडावी. लहान बागवाल्याने स्वतः मेंढ्या घेऊ नयेत, मेंढपाळाशी करार करावा, आणि तो तोंडी ठेवू नये. कळप आत येण्याची व बाहेर जाण्याची तारीख, हेक्टरी संख्या, पाण्याची सोय, कोवळ्या झाडांभोवतीचे कुंपण कोणाच्या खर्चाने, आणि शेवटच्या तांब्याच्या फवारणीचा दिवस व मात्रा, हे सर्व त्यात लिहावे. गाईंसाठीची क्षारवीट बागेत टांगू नये असेही त्यात नमूद करावे, कारण तिच्यातही तांबे असते.