आईचं आभा खातं: आठ महिन्यांचा अनुभव

आईला शुगर आहे, बीपी आहे, २०१९ साली अँजिओप्लास्टी झाली आहे. ती कराडला, मी पुण्यात. निम्मे कागद तिच्याकडच्या पिशवीत, निम्मे माझ्याकडे, आणि डॉक्टर मागतात तो रिपोर्ट नेमका सापडत नाही. म्हणून आठ महिन्यांपूर्वी तिचं आभा, म्हणजे ‘आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट’, हे सरकारी खातं काढलं. (पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड ते हे नव्हे. हे फक्त आरोग्याच्या नोंदींचं खातं, आणि ते काढायची सक्तीही नाही.)

खातं काढायला पाच मिनिटं पुरतात, पण ओटीपी आला तर. आईच्या आधारला बाबांचा जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला होता. आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलला, मग कुठे १४ आकडी क्रमांक हातात आला. मी सोयीसाठी माझाच नंबर दिला. एका मोबाइलवर घरातल्या अनेकांची खाती चालतात, त्यात गैर काही नाही. पण त्याचा फटका वेगळ्याच ठिकाणी बसला.

आईचं रक्त तपासायला आम्ही एका लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलाने मोबाइल नंबर टाकला, समोर माझ्या आभाला जोडलेली माझीच जुनी नोंद आली आणि त्याने त्यावरच नमुना घेतला. दोन महिन्यांनी मी थायरॉइड दाखवायला गेले, तर डॉक्टर मोबाइलकडे बघत म्हणाल्या, “शुगर कधीपासून आहे तुम्हाला? एचबीएवनसी ८.४ आलंय.” (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी.) क्षणभर माझ्या पोटात गोळाच आला. मग तारीख बघितली. आईचा रिपोर्ट! त्यांनी विचारलं म्हणून बरं. न विचारता गोळ्या लिहिल्या असत्या तर? आणि आभाच्या ॲपमधून तो मला दुरुस्त करता येईना, कारण नोंद ज्या लॅबची वा हॉस्पिटलची, ती त्यांच्याकडेच राहते, ॲप फक्त तिथून आणून दाखवतं. लॅबमध्ये दोन खेपा घातल्या तेव्हा तो माझ्या नावावरून निघून आईच्या नावावर चढला. तेव्हापासून काउंटरवर मी नंबर सांगत नाही, आईचा आभा क्रमांक पुढे करते आणि पावतीवरचं नाव वाचूनच खुर्चीत बसते.

दुसरी अडचण जन्मसालाची. आईच्या पिढीत शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लावला, सालही अंदाजानेच. आधारवर १९५८ आहे. हॉस्पिटलच्या केसपेपरवर मात्र कुणीतरी तोंडी विचारून ‘वय ७०’ लिहिलेलं. जुन्या नोंदी जोडताना नाव, लिंग, जन्मसाल आणि मोबाइल ताडून बघतात, त्यामुळे तिची फाइल सापडायचीच नाही. नावातही तीच गत, एकीकडे ‘सुमन’, दुसरीकडे ‘सुमनबाई’. रेकॉर्ड विभागात आधार दाखवून साल आणि नाव बदलून घेतलं आणि त्याच संध्याकाळी अँजिओप्लास्टीनंतरच्या तपासण्या एकेक करून दिसू लागल्या. डिस्चार्ज कार्ड मात्र कागदावरच होतं, ते मी फोटो काढून चढवलं.

ओपीडीचा क्यूआर कोड स्कॅन करून माहिती पाठवली की टोकन येतं, ही सोय २०२२ पासून आहे. गुडघे दुखणाऱ्या बाईला रांगेत उभं राहावं लागत नाही, मला तेवढंही पुष्कळ वाटतं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती संमती. डॉक्टरांना नोंदी बघायच्या असतील तर विनंती येते: कशासाठी, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या तारखांच्या, कधीपर्यंत. यातलं कमी करून परवानगी देता येते, नंतर काढूनही घेता येते. सुरुवातीला मीच ‘मंजूर’ दाबून मोकळी व्हायचे. एकदा आईने विचारलं, “माझं सगळंच दिसतं का गं तुला? जावईबापूंनाही?” बाबा गेल्यावर ती काही महिने झोपेच्या गोळ्या घेत होती. ते तिने मला सांगितलं नव्हतं, मला ॲपमध्ये दिसलं होतं. मला फार वाईट वाटलं. खातं तिचं, शरीर तिचं, आणि परवानग्या मी वाटत होते.

मग तिच्या नावाने नवीन सिम घेतलं, खात्याचा नंबर बदलला, पासवर्ड तिने ठेवला. आता विनंती आली की ती फोन करते, मी वाचायला लावते. परवा नव्या डोळ्यांच्या डॉक्टरांची आली. चष्मा लावून तिने सावकाश वाचली आणि म्हणाली, “डोळ्यांना शुगरचे रिपोर्ट लागतील, ते देते. बाकीचं कशाला? आणि महिनाअखेरपर्यंतच.”