नऊ पटीची दुर्बीण आणि २३,८६० रुपयांचा चुना

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ओळखीतले सगळे आडून आडून तेच विचारतात. २३,८६० रुपये. त्यात ५,००० ॲडव्हान्स, २,३६० कुरिअरचं ‘परत मिळणारं’ इन्शुरन्स डिपॉझिट आणि १६,५०० उरलेले. बदल्यात घरात जो स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण, पडून आहे तो एअरगनवाल्यांकडे दीड हजारात मिळतो, वर पिशवीही देतात. फुकटची जाहिरात पाहून भुललेला मी माणूस नाही. दहा प्रश्न विचारून, व्हिडिओ कॉल करून, बिलाचा फोटो मागवून मग ॲडव्हान्सवरचे पैसे सोडले. तरीही गेले. म्हणून लिहितोय.

आमच्याकडे आजोबांपासूनची परवान्याची .२२ रायफल आहे. बेळगावजवळ खानापूर बाजूला शेत, आजोबांच्या काळात रीतसर शिकार चालायची. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि तो विषय संपला. आता ही रायफल रेंजवर कागदाला भोकं पाडते आणि निवडणूक लागली की ठाण्यात जमा होते. बास. पण चाळिशी ओलांडल्यावर मागची खाच, पुढचा माशी-दाणा आणि समोरचा कागद, तिन्ही एकदम स्पष्ट दिसेनात. म्हणून स्कोप.

गावातल्या जुन्या बंदूकवाल्या काकांनी एका वाक्यात निकाल दिला होता. “पन्नास मीटरला मारणार ना? मग फिक्स चार पट घे, चार बाय बत्तीस, आणि गप घरी जा.” किंमत ६,८००. काकांचं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं, हे आता कळून उपयोग नाही. फिक्स स्कोपमध्ये आत सरकणाऱ्या भिंगांची भानगड नसते, त्यामुळे तेवढ्याच पैशात काच बरी मिळते आणि बिघडायला कमी जागा. पुढचं भिंग ३२ मिलिमीटरचं, त्याला ४ पटीनं भागलं की ८ येतात, म्हणजे डोळ्याशी पोचणारा प्रकाशाचा गोल ८ मिलिमीटरचा. माणसाची बाहुली अंधारात फार तर ७ च्या आसपास उघडते. सांजवेळीसुद्धा याहून जास्त उजेड डोळ्याला घेताच येत नाही.

पण मी रात्री जागून परदेशी व्हिडिओ बघितलेले. तिकडे हरणाच्या शिकारीला ३-९x४० (३ ते ९ पट बदलता येणारा, पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं) म्हणजे घराघरातला स्कोप. दाट झाडीत ३ वर ठेवायचा, नजरेत जास्त जागा येते, पळतं जनावर सापडतं. मोकळ्या रानात दूरवर मारायचं तर ९ वर न्यायचा. त्यांना ते लागतं. तिथे शिकार कायदेशीर, अंतरं दोनशे-तीनशे मीटरची. आपल्याला कागद पन्नास मीटरवर, तोही खिळ्यानं ठोकलेला. तो पळत नाही! पण ‘३ ते ९’ वाचलं की वाटतं एकाच किमतीत सात दुर्बिणी मिळतायत. विकणाऱ्यानं नेमकं हेच वाक्य मला ऐकवलं, आणि मला वाटलं माणूस जाणकार आहे.

तो भेटला हौशी लोकांच्या एका ग्रुपवर. जर्मन कंपनीचा ३-९x४०, ‘फस्ट फोकल प्लेन’, नवा ४८ हजारांचा, वापरलेला २१,५०० ला. फोन केला तर पहिलंच वाक्य, “साहेब, बेळगाव म्हणता? माझी सर्व्हिस मराठा लाइट इन्फंट्रीत. तुमच्या सेंटरलाच रगडा खाल्लाय.” सुभेदार म्हणून निवृत्त, आता गडहिंग्लजला शेती, मुलीच्या ॲडमिशनसाठी विकतोय. बेळगावात वाढलेल्या माणसाला एमएलआय म्हटल्यावर पुढचं नीट ऐकू येत नाही. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं, पण कॅम्पातनं सकाळी पीटीचा आवाज ऐकत लहानाचे मोठे झालेले असाल तर हसणार नाही. आणि त्यानं तेच हेरलं होतं. कारवारच्या माणसाला तो नेव्हीतला निघाला असता.

वर्दीतला फोटो, कॅन्टीन कार्डाचा फोटो, आधारचा फोटो. हे तिन्ही कोणी न मागता पाठवले तर तिथेच नंबर ब्लॉक करा. खरा फौजी गडी आपलं कार्ड असं वाटत सुटत नाही.

आता तो व्हिडिओ कॉल. हा मला रात्री अजून झोपू देत नाही.

मी म्हटलं, पॉवर फिरवून दाखवा. त्यानं मोबाईलचा कॅमेरा आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, लावला, ३ पासून ९ पर्यंत रिंग फिरवली. समोरची पाण्याची टाकी मोठी मोठी होत गेली. आणि मधला क्रॉस तेवढाच राहिला. तेवढाच! फस्ट फोकल प्लेनचा स्कोप असता तर चित्राबरोबर क्रॉसही वाढायला हवा होता, ९ वर जाडजूड दिसायला हवा होता. क्रॉस जागचा हलला नाही म्हणजे तो सेकंड फोकल प्लेनचा. त्यात वाईट काही नाही, बहुतेक ३-९ तसेच असतात. पण हा माणूस ज्या गोष्टीचे जादा पैसे सांगत होता तीच गोष्ट त्याच्या हातात नव्हती, आणि ते तो मला स्वतः दाखवत होता. मला हा फरक माहीत होता. आदल्याच आठवड्यात मी मेव्हण्याला कागदावर काढून समजावला होता. डोळ्यानं दिसलं, डोक्यात टकटक झालं, आणि तोंडातून काय बाहेर पडलं? “वा, काच क्लिअर आहे हो सुभेदार.”

तेव्हा ५,००० आधीच गेले होते ना. ॲडव्हान्स घेतात तो याचसाठी. पाच हजार दिलेला माणूस खोट शोधत नाही, दिलेले पाच हजार शहाणपणाचे होते याचे पुरावे शोधतो.

मग कुरिअरच्या नावानं मेसेज आला, बंदुकीचा सामान म्हणून २,३६० डिपॉझिट, डिलिव्हरीनंतर परत. जीएसटीसकट बरोब्बर २,००० वर १८ टक्के. गोल आकडा मागितला असता तर शंका आली असती, हे त्यांना ठाऊक असतं. पावतीचा फोटो आल्यावर उरलेले १६,५००. उघडून बघितल्याशिवाय पैसे नाहीत, एवढं एकच वाक्य धरून बसायचं. समोरचा चिडला तर चिडू दे.

पार्सल आलं, आणि इथे मात्र त्यांची करामत मानायला हवी. दगड-विटा नाहीत. काळा, जड, कंपनीच्या नावाचा स्कोप, खोक्यासकट. घरच्यांना दाखवला, फोटो काढून मित्रांना पाठवले. रेंजवर नेला तेव्हा सोंग उतरलं. ३ वर झिरो केला, म्हणजे गोळी क्रॉसवरच पडेल असा जुळवला, ९ वर नेला, तर गोळ्या तळहाताएवढं अंतर सोडून डावीकडे. परत ३ वर, तर आधीची जागाही गेलेली. मग बॉक्स टेस्ट केली. नेम सरकवायची खुंटी, म्हणजे टरेट, फिरवून वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे. शेवटची गोळी पहिल्या भोकाशेजारी पडायला हवी. माझी कागदाच्या कडेला. शेजारच्या लेनमधल्या पोरानं “अंकल, स्क्रू ढिला आहे का?” म्हणून विचारलं. स्क्रू नव्हे बाळा.

घरी आल्यावर साधी पट्टी घेऊन बसलो. ही युक्ती सगळ्यांनी शिकून घ्या, एक पैसा लागत नाही. स्कोप हातभर लांब धरून आकाशाकडे करायचा, आयपीसमध्ये उजेडाचा गोल ठिपका दिसतो, तो मोजायचा. ४० चं पुढचं भिंग, ९ पट, म्हणजे ठिपका साडेचारच्या जवळ यायला हवा. माझा जेमतेम ३ मिलिमीटर. तीन नवे सत्तावीस. बाहेरून ४० चं दिसणारं भिंग आत चकती घालून २७ चं केलेलं. कडेचा भाग नुसता शोभेला. खोक्यावरच्या कंपनीच्या नावातलं एक अक्षरही चुकलेलं होतं, पण ते आता सांगण्यात अर्थ नाही.

सुभेदारांचा फोन अर्थातच बंद.

यानंतर सुरू झाली खरी करमणूक. ठाण्यात गेलो. “साहेबरु इल्ल, नाळे बन्नी.” म्हणजे साहेब नाहीत, उद्या या. नाळे गेलो, तर अर्ज मराठीत चालत नाही. कोर्टासमोरच्या टायपिस्टला ३०० रुपये देऊन कन्नडमध्ये करून आणला. तो वाचून साहेब म्हणाले, विकणारा गडहिंग्लजचा, म्हणजे महाराष्ट्राची केस. गेलो पलीकडे. तिथले म्हणाले, पैसे बेळगावच्या खात्यातून गेले, गुन्हा कर्नाटकात. दोन राज्यं २००४ पासून सुप्रीम कोर्टात एकेका गावासाठी भांडतायत आणि माझे २३,८६० मात्र दोघांनाही नकोत! बरं, गडहिंग्लज हे त्या चोरानं सांगितलेलं. बँक खातं तर तिसऱ्याच राज्यातलं. हे मी ओरडून सांगितलं तर उत्तर, “मग तिकडे जावा की.”

हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची, हा झिरो एफआयआर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, स्पष्ट लिहिलेला आहे. मी छापील पान घेऊन गेलो होतो. ते पान टेबलावर चहाचा कप ठेवायला उपयोगी पडलं.

आणि मग मलाच उलटतपासणी. रायफलला दुर्बीण कशाला? भीमगडच्या जंगलात जाता काय? डुकरं मारता काय? परवान्याची झेरॉक्स, काडतुसांच्या नोंदी, रेंजची पावती, सगळं मागितलं. फसवला गेलो मी, आणि बाकड्यावर बसलेले लोक माझ्याकडे शिकारचोर म्हणून बघतायत. चोरानं एका मेसेजमध्ये ‘डुकराला फस्ट क्लास’ असं लिहिलं होतं, ते माझ्याच मोबाईलवर दाखवून मलाच विचारलं, हे काय? तेव्हा एक ध्यानात ठेवा, असा मेसेज समोरून आला तर त्याच क्षणी लेखी कळवा की शिकार आपल्याकडे गुन्हा आहे, मला रेंजसाठी हवा. हसून इमोजी टाकू नका. मी टाकला होता.

बँकेचं उत्तर एका ओळीचं. पिन तुम्ही स्वतः टाकलात.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला, पोचक्रमांक मिळाला. पण या नंबरचा जोर पहिल्या काही तासांत असतो, समोरच्या खात्यात पैसे पडून असेपर्यंत ते अडवता येतात. माझं पार्सल दिसायला बरं होतं, खोट रेंजवर गेल्यावर कळली, तोवर खातं कोरडं. विटा आल्या असत्या तर निदान त्याच दिवशी फोन केला असता.

मधे कुरिअरच्या नावानं एक पोरगी बोलली, “सर, आपका रिफंड है, क्यूआर स्कॅन कीजिए.” पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही. तिला बेळगावी मराठीत जे सुनावलं ते इथे छापण्यासारखं नाही. म्हणजे मी अगदीच खुळा नाही, याची नोंद असू दे.

स्कोप घ्यायचा असेल तर दुकानात जाऊन घ्या, बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, तो स्कोपवरच्या नंबराशी जुळवा. पन्नास मीटरला व्हेरिएबल, म्हणजे पट बदलणारा, घ्यायचाच असेल तर पॅरालॅक्स (डोळा जरा सरकला की क्रॉसही निशाण्यावरून सरकल्यासारखा दिसतो तो दोष) किती अंतराला बसवलाय ते विचारा; मोठ्या रायफलींसाठीचे बहुधा शंभर यार्डाला असतात, .२२ साठीचे पन्नासच्या आसपास. स्कोप रायफलवर धरणाऱ्या रिंगा आपल्या रायफलच्या खाचेला बसतात का तेही बघा. मला त्यानं पिकॅटिनी नावाच्या रुंद पट्टीच्या पाठवल्या होत्या, माझी खाच ११ मिलिमीटरची डवटेल. काकांकडून ९५० च्या वेगळ्या आणाव्या लागल्या. हे २३,८६० मध्ये धरलेले नाहीत. काका रिंगा देताना काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

परवा तीच जाहिरात दुसऱ्या एका ग्रुपवर पुन्हा दिसली. तोच फोटो, टरेटच्या बाजूला तोच ओरखडा, भाव १९,०००. सुभेदार आता सावंतवाडीचे आहेत आणि यावेळी ॲडमिशन नाही, बायकोचं ऑपरेशन आहे. मी खाली लिहिलं, तर दोन मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. तुमच्यापैकी कुणाशी बोलणं चालू असेल तर व्हिडिओवर रिंग फिरवायला लावा आणि क्रॉसकडे बघा. मग विचारा त्याला, सुभेदार, हा वाढत का नाही?