डीएनपी की पीएचडी? अमेरिकेत लोनचे नियम बदलल्यावर

न्यू जर्सीतल्या भाचीचा रात्री मेसेज, "मावशी, डीएनपी करू की पीएचडी?" दोन्ही नर्सिंगमधल्या डॉक्टरेट, डीएनपी पेशंटच्या कामाची, पीएचडी रिसर्चची. ती आयसीयूत नर्स आहे, ग्रीन कार्ड आहे. व्हिसावर असती तर फेडरल लोनचा, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक कर्जाचा विषयच नव्हता.

आधी पैसे, कारण खरी गोची तिथेच आहे. डीएनपी बहुतेक जण लोन काढूनच करतात, आणि 2025 च्या कायद्याने 1 जुलै 2026 पासून नव्या लोकांसाठी ग्रॅड प्लस हे फेडरल लोन बंद, ग्रॅज्युएट (म्हणजे पदवीनंतरच्या) कोर्सला वर्षाला 20,500 डॉलर आणि एकूण 1 लाखाची मर्यादा. प्रोफेशनल डिग्रीला (डॉक्टरी, वकिली वगैरे) वर्षाला 50,000 मिळतात पण शिक्षण खात्याने त्या यादीत नर्सिंग धरलंच नाही, थिऑलॉजी मात्र आहे, घ्या! वर पार्ट-टाइम शिकलीस तर मर्यादा त्या हिशोबात अजून कमी, म्हणजे नोकरी करत शिकणाऱ्यांचीच पंचाईत.

पीएचडीत बऱ्याच ठिकाणी फी माफ आणि थोडा स्टायपेंड असतो, पण तो प्रोफेसरच्या ग्रँटवर, म्हणजे रिसर्चसाठी मिळालेल्या निधीवर टिकून. एनआयएच म्हणजे अमेरिकन सरकारची आरोग्य संशोधन संस्था; नर्सिंग रिसर्चची तिच्यातली संस्था 1986 पासून आहे, ती बंदच करायचं 2026 च्या बजेट प्रस्तावात होतं. त्यामुळे प्रोफेसर निवडताना त्यांची ग्रँट किती वर्षं उरलीय ते स्पष्ट विचारायचं, लाजायचं नाही.

वेळ म्हणशील तर पीएचडीला सहसा जास्तच लागतो.

पेशंट बघायचेत, पगार लवकर वाढवायचाय तर डीएनपी, तेही स्वस्त स्टेट युनिव्हर्सिटीत, हॉस्पिटल फीचा वाटा उचलत असेल तर उत्तमच. शिकवायचंय, रिसर्चचं वेड आहे तर पीएचडी, पण फंडिंगचं पत्र हातात पडल्यावरच हो म्हण.