'सेंद्रिय आहे, धीर धरा' म्हणत अख्खा हंगाम घालवला

सेंद्रिय म्हणून बनावट खत गळ्यात मारून गेलेल्या माणसाचा टेम्पो गेल्या आठवड्यात कुरुंदवाडच्या रस्त्याला उभा दिसला, म्हणून लिहायला बसलोय. आमच्याकडे नवी पोरं कर्ज काढून पॉलिहाऊस उभारताहेत, त्यांनी तरी हे वाचावं.

शिरोळ तालुक्यात माझं १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, रंगीत ढबू मिरचीचं. इथल्या काळ्याभोर जमिनी क्षारपड होताना मी लहानपणापासून बघितल्यात. पाणी बेसुमार, खत बेसुमार. निदान पॉलिहाऊसमधली माती तरी जपावी, रासायनिक खत कमी करावं, असं मनापासून वाटायचं. आजही वाटतं. त्या माणसानं नेमकं तेच हेरलं.

घरी येऊन चहा घेतला, आबांच्या पाया पडला. "दादा, ड्रिपमधनं १९:१९:१९, कॅल्शियम नायट्रेट, ही पाण्यात विरघळणारी रासायनिक खतं सगळी बंद करा. गांडूळखतापासून केलेलं आमचं हे दाणेदार खत बेडवर टाका. तीन महिन्यांत सेंद्रिय प्रमाणपत्र, आणि माल आम्हीच किलोला २० रुपये जादा देऊन उचलणार." ४० किलोचं पोतं ८५० रुपयांना. ६० पोती घेतली, ५१ हजार रोख मोजले. हातात पडलं ते पेनानं लिहिलेलं चलन. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, पुढच्या लॉटबरोबर एकदम देतो.

लागणीनंतर दीड महिन्यात खालची पानं पिवळी पडली. फोन केला. "सेंद्रिय आहे दादा, धीर धरा. माती जिवंत व्हायला वेळ लागतो." पुढं फळांच्या टोकाला काळे खड्डे पडायला लागले. कॅल्शियम कमी पडल्याची ही खूण मला ठाऊक होती, तरी परत फोन केला आणि परत तेच ऐकून घेतलं. कारण ते वाक्य खोटं नाही. शेणखतातलं, गांडूळखतातलं नत्र जिवाणूंनी फोडल्याशिवाय मुळांना मिळत नाही. त्या खऱ्या गोष्टीच्या आडोशाला तो दोन महिने बसला आणि माझा तोडा बुडाला. नंतर त्यानं फोन उचलणंच बंद केलं.

शेवटी आबांनी मूठभर दाणे स्टीलच्या वाटीत पाण्यात टाकले. म्हणाले, "ह्याला शेणामातीचा वासच न्हाई." सकाळी बघतो तर पाणी शाईसारखं काळं आणि तळाला गणपतीच्या शाडूसारखा पांढरट, चिकट गाळ. बोटांचा काळा रंग साबणानंही निघेना. प्रयोगशाळेत दिलं, तर सेंद्रिय कर्ब, म्हणजे सेंद्रिय पदार्थातला कार्बन, ३ टक्केसुद्धा नाही. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे गांडूळखतात तो किमान १८ टक्के लागतो. पैसे देऊन मी रंगवलेली चिकणमाती बेडवर पसरली होती.

अन् खत अस्सल असतं तरी सगळी विद्राव्य खतं एका दिवसात तोडणं चूकच होतं. हा हिशोब मी आधी मांडायला हवा होता. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात साधारण २१ किलो नत्र असतं. १ टक्का नत्राच्या गांडूळखताच्या ४० किलोच्या पोत्यात फक्त ४०० ग्रॅम. सेंद्रिय खतानं माती भुसभुशीत होते, ओल धरते, मुळं पसरतात, हे खरं. पण पॉलिहाऊसमधली मिरची महिनोन्‌महिने फळं देते, तिची रोजची भूक एवढ्यावर भागत नाही. आता लागणीआधी चांगलं कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड घालतो, आणि माती व पान तपासून ड्रिपची खतं थोडी थोडी कमी करतोय.

तीन महिन्यांत प्रमाणपत्र म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. भाजीसारख्या हंगामी पिकाला रासायनिकवरून सेंद्रियवर यायचा, म्हणजे रूपांतराचाच काळ साधारण २ वर्षांचा असतो. पक्क्या बिलाशिवाय एक पोतंही उतरवून घेऊ नका. पोत्यावर उत्पादकाचं नाव, बॅच नंबर, घटकांचे टक्के छापलेत का बघा. आणि दोन पोती शिवलेलीच बाजूला ठेवा. कृषी कार्यालयात गेलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सीलबंद पोतंच मागितलं, आणि मी साठच्या साठ फोडली होती.

माझ्याकडे ते चलन आहे, वाटीतल्या गाळाचा फोटो आहे. त्या टेम्पोवाल्याकडून खत घेतलेलं कुणी तक्रार करणार असेल तर साक्षीला मी येतो.