नाव घेऊन हाक, की नुसतीच हाक? सेगमेंट राउटिंगमध्ये एलएसपी तपासताना

एलडीपी (शेजारच्या राउटरांनी आपसांत लेबलं ठरवायचा प्रोटोकॉल) बंद करून सेगमेंट राउटिंगवर (सगळा रस्ता पहिल्याच राउटरने लेबलांत लिहायची पद्धत) आलं, की पहिल्या काही महिन्यांतच एक गोष्ट ठरवावी लागते: लेबलचा रस्ता, म्हणजे एलएसपी, धड चालू आहे का, हे रोज कशाने बघायचं? एफईसी (पॅकेट कुणासाठी निघालंय ती ओळख) देऊन केलेला एलएसपी पिंग, ती ओळख न देता केलेला निल-एफईसी पिंग, की एस-बीएफडी (सतत छोटी पॅकेट पाठवून रस्ता जिवंत आहे का ते बघणारी पद्धत)? कागदावर तिन्ही 'कनेक्टिव्हिटी तपासतात'. प्रत्यक्षात तिघांचे प्रश्नच वेगळे आहेत.

गेली काही वर्षं मी पुण्याहून सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, सांगली असं पसरलेलं एक एसआर-एमपीएलएस (लेबलांवर चालणाऱ्या सेगमेंट राउटिंगचं) जाळं सांभाळतो. तिन्ही वापरून झाले आहेत. माझा कल एका बाजूला आहे, आणि तो का, ते खाली येईलच. तुमचं जाळं वेगळं असेल तर निर्णयही वेगळा निघू शकतो, हे मात्र आधीच सांगतो.

मुळात सेगमेंट राउटिंगमध्ये हा प्रश्न जास्त टोचतो. एलडीपीत रस्त्यातला प्रत्येक राउटर शेजाऱ्याशी बोलून लेबल ठरवायचा. इथे ते बोलणंच नाही. पुण्याचा राउटर लेबलांची चळत रचतो आणि पॅकेट सोडून देतो. मधल्यांना दिसतं ते फक्त वरचं लेबल. १६०३७ म्हणजे कोल्हापूर, हे आयएस-आयएसने (जाळ्याच्या आतल्या राउटिंग प्रोटोकॉलने) सगळ्यांना कळवलेलं असतं. पण आत्ता हातात आलेलं हे पॅकेट खरोखर कोल्हापूरलाच जायचं होतं का, हे फक्त पाठवणाऱ्याला ठाऊक. तपासणीच्या पॅकेटमध्ये तो हेतू लिहिलेला आहे की नाही, सगळा फरक तिथे पडतो.

एफईसीवाल्या पिंगमध्ये तो लिहिलेला असतो. २००६ च्या आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) ४३७९ पासून एलएसपी पिंगची ही पद्धत आहे, २०१७ मध्ये तिची जागा ८०२९ ने घेतली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ८२८७ ने प्रिफिक्स-सिड (ठिकाणाची खूण) आणि अ‍ॅडजसन्सी-सिड (एका लिंकेची खूण) यांच्यासाठी वेगळे एफईसी दिले. पॅकेट म्हणतं, 'मी १०.२५५.०.३७/३२ या प्रिफिक्सच्या सिडसाठी निघालोय, आयएस-आयएसमधून.' ज्याच्या हाती ते पडतं, तो आपली नोंद पडताळतो आणि मग 'हो, तो मीच' किंवा 'हे लेबल त्या एफईसीचं नाही' असं उत्तर देतो. ही नाव घेऊन मारलेली हाक.

निल-एफईसीत नाव नसतं. तुम्ही लेबलं देता, बाहेरचा इंटरफेस देता, पुढचा हॉप (रस्त्यातला पुढचा राउटर) देता. चळतीच्या तळाशी एक्स्प्लिसिट-नल (कुठलंच ठिकाण न सांगणारं) लेबल लागतं आणि पॅकेट निघतं. शेवटी ज्याच्याकडे पोचेल तो म्हणतो, 'मिळालं.' इतकंच. हाक मारली आणि कुणीतरी ओ दिली.

तरीही निल-एफईसी सुरुवातीला मला मनापासून आवडला होता, आणि तो आवडावा असाच आहे. समोरच्या खोक्याला ८२८७ येतं का, हे बघावं लागत नाही. बाइंडिंग-सिड (आख्ख्या रस्त्यासाठी एकच लेबल) असो, दुसऱ्या डोमेनमधलं लेबल असो, कंट्रोलरने दिलेली पाच लेबलांची चळत असो, आकडे स्वल्पविराम देऊन लिहायचे आणि एंटर मारायचं. आमच्या जाळ्यात तीन वेगवेगळ्या बनावटींचे राउटर आहेत. त्या सगळ्यांवर पहिल्या दिवसापासून चालणारी ही एकच पद्धत होती. म्हणून मी तिच्यावर स्क्रिप्ट लिहिली. दर पाच मिनिटांनी प्रत्येक जोडीमध्ये पाच पॅकेट. पाच उद्गारचिन्हं (प्रत्येक यशस्वी उत्तराला एक) आली की चौकट हिरवी. दोनेक वर्षं आम्ही त्या हिरव्या चौकटींवर विसंबून होतो.

मग जुलैमधली एक रात्र आली. कऱ्हाडला त्या आठवड्यात कोल्हापूरची लिंक नव्या १०० गिगच्या पोर्टवर हलवली होती आणि मोकळ्या झालेल्या जुन्या पोर्टवर सांगलीचा फायबर लावला होता. नेहमीचं काम. रात्री दहाच्या सुमारास एका बँकेच्या काही शाखांचा व्हीपीएन पुण्याहून कोल्हापूरला जाईना. सगळ्या नाही, काहीच शाखा. शिफ्टवरचा मुलगा म्हणाला, "सर, एलएसपी तर पूर्ण हिरवा आहे. बँकेचाच राउटर बघायला सांगू का?" आणि मी हो म्हणालो. कारण चौकट हिरवी होती.

साधा आयपी पिंगही जात होता, आणि तो का जात होता हे नंतर कळलं तेव्हा वाईट वाटलं. कऱ्हाडच्या एका लाइनकार्डवर (राउटरमधल्या पोर्टांच्या कार्डावर) हार्डवेअरमधली नोंद शिळी राहिली होती: '१६०३७ आलं की लेबल काढ आणि जुन्या पोर्टने बाहेर टाक.' राउटिंग टेबल बरोबर, लेबल टेबल बरोबर, फक्त त्या कार्डाच्या चिपमध्ये जुनं. त्या कार्डातून आलेलं सगळं सांगलीला जाऊन पडत होतं. साधं आयपी पॅकेट असलं की सांगली ते दुसऱ्या बाजूने कोल्हापूरला पोचतं करायची, म्हणून पिंग जात होता. बँकेच्या पॅकेटमध्ये मात्र खाली व्हीपीएनचं लेबल होतं, सांगलीला त्याचा अर्थच माहीत नव्हता, आणि ती ते टाकून देत होती.

एलएसपी पिंगचा पत्ता १२७ ने सुरू होतो तो नेमका याचसाठी. लेबल गळलं तरी ते पॅकेट आयपीच्या भरवशावर पुढे जाऊ नये. जिथे लेबल संपलं तिथेच अडावं आणि तिथल्या राउटरने यूडीपीच्या ३५०३ या पोर्टवर ते उघडून बघावं. निल-एफईसीतही ते तसंच अडलं, सांगलीतच. पण सांगलीला विचारलं काय होतं? काहीच नाही. तळाशी एक्स्प्लिसिट-नल, आत निल-एफईसी. तिने नियमाप्रमाणे 'इग्रेस (रस्त्याचं शेवटचं टोक) मीच' असं कळवलं. पुण्यात उद्गारचिन्ह.

बारा वाजून गेल्यावर कऱ्हाडच्या फील्ड इंजिनिअरला फोन केला. पावसाचा आवाज इतका, की त्याचं बोलणं धड ऐकू येईना. "साहेब, दोन्ही पोर्टच्या लाइटी हिरव्या आहेत, पॉवरपण चांगली येतीय," तो म्हणाला. तेव्हा पहिल्यांदा मी हाताने प्रिफिक्स देऊन एसआर-एमपीएलएस पिंग टाकला. आधी १२७.०.०.१ वर: पाच उद्गारचिन्हं. मन खट्टू झालं. मग लक्षात आलं की सातारा-कऱ्हाडच्या बंडलमध्ये (एकत्र बांधलेल्या लिंकांत) दोन लिंका आहेत, दोन वेगळ्या कार्डांवर, आणि पिंगचं पॅकेट हॅशने (पत्त्यांवरून काढलेल्या आकड्याने) त्यातल्या एकाच लिंकेवर जातं. पत्ता १२७.०.०.२ केला. पाचही छोटे 'एफ' आले. एफईसी जुळत नाही, रिटर्न कोड १०. आणि उत्तर देणारा पत्ता सांगलीचा.

दहा मिनिटांत कार्डाची नोंद पुन्हा लिहवून घेतली आणि शाखा वर आल्या. पण त्याआधी, शंका राहू नये म्हणून, निल-एफईसी पिंगही १२७.०.०.१ पासून १२७.०.०.८ पर्यंत आठही पत्त्यांवर चालवून बघितला. आठही हिरवे. प्रिफिक्सवाल्यात त्याच आठांपैकी तीन नापास. माझ्या हातात मोजमाप म्हणावं असं एवढंच आहे, एका रात्रीचं, एका जाळ्यातलं. माझ्यापुरता निर्णय तिथे झाला.

कुणी म्हणेल, निल-एफईसीच्या उत्तरातही उत्तर देणाऱ्याचा पत्ता असतो, तो का नाही बघितला? रास्त आहे. बघता येतो. पण उत्तर बहुतेकदा कुठल्या तरी इंटरफेसच्या पत्त्यावरून येतं, लूपबॅकवरून (राउटरच्या स्वतःच्या कायमच्या पत्त्यावरून) नाही, आणि पाचशे जोड्यांच्या यादीत कुठला पत्ता कुणाचा हे जुळवायचं काम मग तुमच्या स्क्रिप्टवर येतं. जे काम प्रोटोकॉल समोरच्या राउटरकडूनच करून घेऊ शकतो, ते आपण पुण्यात बसून अंदाजाने करायचं. आयईटीएफलाही (ही मानकं काढणाऱ्या संस्थेला) ही उणीव दिसली असावी: २०२४ च्या आरएफसी ९६५५ ने निल-एफईसीसोबत इग्रेसचा पत्ता पाठवायची सोय केली आहे. तुमच्या सगळ्या खोक्यांवर ती आली असेल, तर माझी अर्धी तक्रार तिथेच मिटते. आमच्याकडे ती अजून सगळीकडे पोचलेली नाही.

दुसरी एक बारीक गोष्ट. तळाच्या त्या एक्स्प्लिसिट-नलमुळे निल-एफईसीचं पॅकेट शेवटच्या हॉपला लेबलसह पोचतं. म्हणजे उपांत्य हॉपवर लेबल काढल्यानंतर पॅकेट खरोखर कसं पोचतं, ते त्यातून दिसत नाही. रोज याने अडेल असं नाही, पण माहीत असावं.

आता एस-बीएफडी. त्याच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि त्या रात्री तो त्या पॉलिसीवर (लेबलांनी ठरवून दिलेल्या रस्त्यावर) लावलेला असता, तर त्याने पकडलंच असतं, हे मान्य करतो. आरएफसी ७८८० प्रमाणे रिफ्लेक्टर (उत्तर देणारं टोक) फक्त स्वतःच्या डिस्क्रिमिनेटरला (ओळख क्रमांकाला) उत्तर देतो. सांगलीच्या हाती कोल्हापूरचा डिस्क्रिमिनेटर पडला असता तर ती गप्प राहिली असती, सेशन पडलं असतं आणि पॉलिसी दुसऱ्या रस्त्याला गेली असती. ५० मिलिसेकंदांचं अंतर आणि तीनचा गुणक लावला, तर १५० मिलिसेकंदांत. पिंगची दर पाच मिनिटांची फेरी त्याच्या आसपासही येत नाही. शिवाय समोरच्या टोकाला प्रत्येक सेशनची वेगळी जुळणी लागत नाही, हे मोठ्या जाळ्यात फार सोयीचं.

पण तो फक्त 'आहे' किंवा 'गेला' एवढंच सांगतो. कुठे गेला, का गेला, हे विचारायला पुन्हा ट्रेसराउटकडेच (रस्त्यातला एकेक टप्पा दाखवणाऱ्या तपासणीकडे) यावं लागतं. आणि परतीचं पॅकेट साधारणपणे आयपीने येतं, त्यामुळे परतीची वाट बिघडली की जाण्याची निरोगी वाट पडल्यासारखी दिसते. आमच्याकडे एकदा साताऱ्याच्या एका लिंकेवर असं घडलं. पॉलिसी तासाभरात सात-आठ वेळा इकडून तिकडे उड्या मारत राहिली. वेळेचा आकडा फार घट्ट ठेवू नका, एवढंच त्यातून शिकलो. बंडलमधल्या हॅशची अडचण त्यालाही आहेच.

आरएफसी ८४०३ मधली चौथी वाट मी फक्त लॅबमध्ये चालवली आहे. एकाच ठिकाणाहून लेबलांची चळत अशी रचायची, की पॅकेट फिरून स्वतःकडेच परत यावं. मधल्या कुठल्याही राउटरच्या सीपीयूला त्रास नाही, ही कल्पना सुंदर आहे. त्यासाठी जाळ्याचा ताजा नकाशा आणि पुरेशी खोल चळत टाकू शकणारं यंत्र लागतं. शेकडो नोड असतील तर जरूर विचार करा. आमच्या आकाराला ते जड होतं.

एफईसीवाल्या पिंगचा त्रासही सांगायला हवा. एमपीएलएस ओएएम (तपासणीच्या पॅकेटना उत्तर देणारी सोय) काही बनावटींवर मुद्दाम चालू करावं लागतं. एका जरी खोक्यावर ते राहून गेलं तरी तिथून टाइमआउट येतो आणि रस्ता तुटल्यासारखा वाटतो. जुन्या सॉफ्टवेअरला ८२८७ चा एफईसी कळत नाही, ते 'टीएलव्ही (पॅकेटमधला माहितीचा तुकडा) समजला नाही' म्हणून कोड २ पाठवतो. एलडीपीच्या काळातली सवय म्हणून कुणी जुनाच आयपीव्ही४ चा एमपीएलएस पिंग टाकला, तर तो एलडीपीची नोंद शोधतो आणि चालू रस्त्यालाही नापास करतो. हे आमच्याकडे निदान दोघांनी केलं. आणि काही अंमलबजावण्यांत पॉलिसीचं नाव देऊन पिंग केला तरी आतून निल-एफईसीच जातो. कमांडच्या नावावर विसंबू नका, एकदा पॅकेट पकडून बघा.

इतकं असूनही मी नव्या जाळ्यासाठी आधी हेच लावेन. मधल्या सगळ्या खोक्यांना ८२८७ येत असेल, एकच आयजीपी (आयएस-आयएससारखा आतला राउटिंग प्रोटोकॉल) असेल, तर प्रिफिक्स देऊन पिंग आणि नापास झाल्यावर आपोआप ट्रेसराउट. ज्या पॉलिसींवर पैसे देणारं गिऱ्हाईक बसलंय त्यांच्यावर एस-बीएफडी, वेगासाठी. निल-एफईसी हाताशी ठेवावा, पण तो चळत तपासण्यापुरता: कंट्रोलरने दिलेली लेबलं निदान कुठेतरी पोचतात का, एवढंच विचारायचं असेल तेव्हा. तुमचं जाळं दोन-तीन डोमेनमध्ये पसरलेलं असेल, किंवा निम्मी खोकी जुनी असतील, तर तराजू निल-एफईसीकडे झुकू शकतो, हे मी समजू शकतो. मग इग्रेसच्या पत्त्याची सोय तरी बघून घ्या.

आमची स्क्रिप्ट आता आठही पत्त्यांवर प्रिफिक्स-पिंग करते, दर पाच मिनिटांनी. पोर्ट हलवण्याच्या कामाच्या यादीत शेवटची ओळ आहे: 'कार्डवार एफईसी पिंग, दोन्ही बाजूंनी.' आणि कोल्हापूरच्या पुढे एक जुना राउटर अजून आहे ज्याला ८२८७ येत नाही. त्याच्यासाठी निल-एफईसीच चालतो, उत्तराचा पत्ता यादीशी जुळवून, आणि त्याची चौकट आम्ही हिरवी होऊच देत नाही. पास झाली तरी पिवळी.