तळोज्यातलं सिडकोचं घर, दोन वर्षं राहून सांगते

लॉटरीत ईडब्ल्यूएसमधून, म्हणजे आर्थिक दुर्बल गटातून, घर लागलं, त्याआधी कोपरखैरण्यात भाड्याच्या खोलीत होतो आणि दर अकरा महिन्यांनी सामान बांधायचं, पोराची शाळा दोनदा बदलली त्यापायी. पीएम आवासचे अडीच लाख मिळाले, केंद्राचे दीड अन् राज्याचा एक, म्हणून हप्ता झेपतो. घर लहानच आहे पण आपलं आहे हो! २०२३ ला बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाली, मग नाक्यावर भाजीवाले, पोळीभाजी केंद्र, शिकवण्या सगळं आलं, शेजारची ताई घरूनच डबे देते आता. लिफ्टचा कंत्राटदार मात्र फोनच उचलत नाही, सासूबाईंना जिना चढवत नाही. तरी फॉर्म भराच.