लिथियम: खाऱ्या पाण्यातून की खडकातून?

विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी लागणारे लिथियम मुख्यतः दोन मार्गांनी मिळते. चिलीतील आताकामा मिठागरात जमिनीखालचे खारे पाणी उपसून विस्तीर्ण तलावांत सोडतात आणि वर्ष-दीड वर्ष उन्हात आटवतात. इंधनाचे काम ऊनच करत असल्याने कार्बन उत्सर्जन कमी राहते. मात्र जगातील अतिशुष्क प्रदेशांपैकी एका प्रदेशातले पाणी इथे हवेत उडून जाते. हे पाणी खारे असल्याने पिण्याजोगे नसते हा कंपन्यांचा युक्तिवाद खरा असला, तरी पुरेसा नाही. कारण भूगर्भातील खाऱ्या आणि गोड्या पाण्याचा समतोल बिघडल्यास काठावरची सरोवरे, त्यांतील फ्लेमिंगो आणि आताकामेन्यो या मूळ रहिवाशांची वस्ती यांनाच त्याची झळ पोहोचते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रीनबुशेस येथे स्पॉड्युमीन हे खनिज खणून काढतात. ते सुमारे १०५० अंश सेल्सिअसवर भाजून सल्फ्युरिक आम्लाने त्यातील लिथियम वेगळे करावे लागते. भाजण्यासाठी जहाजाने चीनला जाणाऱ्या संहत खनिजात (म्हणजे नको असलेला बराचसा खडक काढून टाकलेल्या खनिजात) लिथियम ऑक्साइड जेमतेम ६ टक्के असते. उरलेले वजन, खरे तर, उगाचच प्रवास करते. भट्ट्या कोळशावर चालल्यास दर टनामागचे उत्सर्जन खाऱ्या पाण्याच्या पद्धतीच्या कित्येक पट होते, शिवाय खाणीतल्या टाकाऊ खडकांचे ढीग उरतातच.

माझ्या मते खडकाच्या मार्गातील दोष अधिक सुधारण्याजोगा आहे, कारण भट्टीचे इंधन बदलता येते, पण उपसलेले भूजल वाळवंटात सहजी परत भरत नाही.